माळ्यावरच्या जुन्या राउटरला पुन्हा कामाला लावा

गेल्या काही वर्षांत शहरांत आणि पाठोपाठ गावांतही तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड गेलं आणि फायबर आलं. कनेक्शन बदललं की कंपनीचा माणूस नवा डबा भिंतीवर ठोकून जातो. जुना राउटर ॲडाप्टरसकट पिशवीत घालून माळ्यावर जातो. बहुतेक घरांत असा एक तरी असतो. तो बिघडलेला नसतो. बाहेरचं इंटरनेट घरात आणायचं काम तेवढं त्याच्याकडून गेलेलं असतं. बाकीची कामं त्याला अजून नीट येतात, आणि त्यातल्या एका कामासाठी तर लोक दुकानातून चांगले पैसे मोजून नवं यंत्र आणतात.

डब्यात नेमकं काय असतं

आपण ज्याला राउटर म्हणतो त्या एका डब्यात चार वेगवेगळी यंत्रं एकत्र बसवलेली असतात. पहिला खरा राउटर. तो घरातलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मधे बसतो. घरात दहा उपकरणं असली तरी बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो, हे त्याच्यामुळे. या पद्धतीला नॅट म्हणतात. दुसरा स्विच, म्हणजे मागच्या बाजूला ओळीने दिसणारे लॅन पोर्ट. त्यांत वायर लावलेली उपकरणं एकमेकांशी बोलू शकतात. तिसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे अँटेना आणि वायफाय. चौथा डीएचसीपी सर्व्हर. घरात नवा फोन जोडला गेला की त्याला १९२.१६८ पासून सुरू होणारा एक पत्ता देणं आणि ‘बाहेर जायचं असेल तर इकडून जा’ असं सांगणं, एवढंच त्याचं काम. हे सगळं चालवायला आत एक छोटा प्रोसेसर, थोडी मेमरी आणि बहुतेक वेळा लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम असते.

नवा डबा आला की पहिलं आणि चौथं काम तो स्वतःकडे घेतो. जुन्या डब्यातला स्विच आणि वायफाय मात्र मोकळे पडतात. खाली सांगितलेल्या बऱ्याचशा युक्त्यांचं सार इतकंच आहे: ही दोन कामं चालू ठेवायची आणि उरलेली दोन बंद करायची. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही कंपनीचा राउटर असो, त्याच्या सेटिंगची पानं वेगळी दिसली तरी गोंधळ होत नाही.

चालू करण्याआधी

राउटर उलटा करून खालचं लेबल वाचा. त्यावर मॉडेल, व्हर्जन, सेटिंगचा पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड असतो. त्याच लेबलवर किती व्होल्टचा ॲडाप्टर हवा तेही लिहिलेलं असतं. कोणी ५ व्होल्टवर चालतो, कोणी ९ वर, कोणी १२ वर, पण पिन मात्र दिसायला सारखीच. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा ॲडाप्टर लावला तर तो जळू शकतो. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर लेबलवर आहेत तितके किंवा त्याहून जास्त असले तरी चालतात.

लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत की १०००चे, हेही पाहून घ्या. नावात ‘एन ३००’ किंवा ‘एन १५०’ असेल तर साधारणपणे वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असतं. ‘एसी’ असेल तर ५ गिगाहर्ट्झही मिळतं. टेलिफोनची बारीक वायर लावायचं भोक असलेला जुना मोडेम-राउटरही फेकू नका. त्याचं मोडेम आता निरुपयोगी झालं, पण स्विच आणि वायफाय शाबूत आहेत. एक मात्र आहे, फायबर कंपनीने दिलेला डबा बऱ्याचदा कंपनीच्या मालकीचा असतो आणि कनेक्शन बंद केल्यावर परत मागतात. तो तुमचा आहे की नाही याची आधी खात्री करून घ्या.

मग राउटर चालू असताना रीसेटच्या बारीक भोकात सिमकार्डची पिन घालून दहाएक सेकंद दाबून धरा. सगळे दिवे एकदम लुकलुकले की जुनी सेटिंग पुसली गेली.

सगळ्यांत मोलाचं काम: आतल्या खोलीत वायफाय

फायबरची वायर घरात जिथून शिरते तिथेच, म्हणजे बहुधा दाराजवळ किंवा हॉलच्या कोपऱ्यात, नवा डबा बसतो. वायफाय मात्र हवं असतं आतल्या बेडरूममध्ये नाहीतर वरच्या मजल्यावर. कोकणातलं चिऱ्याचं घर, देशावरचं दगडी बांधकाम, शहरातला आरसीसी स्लॅब, यांतून रेडिओलहरी थकून जातात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण भिंतीपुढे २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर हार मानतात. म्हणून हॉलमध्ये भन्नाट स्पीड आणि आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतोय, असं होतं.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल न्यायची आणि तिच्या टोकाला जुना राउटर लावायचा. मधल्या भिंती तेव्हा आड येतच नाहीत, कारण सिग्नल तारेतून जातो आणि खोलीत पोचल्यावर हवेत सुटतो. हे काम मी सगळ्यांत वर ठेवतो. खर्च फक्त केबलचा, आणि फरक त्याच दिवशी जाणवतो.

करायचं असं. आधी जुना राउटर नव्यापासून लांब, एकटा चालू करा आणि लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला वायरने जोडा. ब्राउझरमध्ये लेबलवरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो (टाइप करताना अंक इंग्रजी). सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय दिसला तर तो निवडा, निम्मं काम तिथेच झालं. नसेल तर हाताने करावं लागतं, तेही अवघड नाही. वायफायचं नाव, पासवर्ड आणि चॅनेल ठरवा. डीएचसीपी बंद करा. मग ‘लॅन’ या पानावर जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदला. नवा राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या. नवा राउटर फोनना जे पत्ते वाटतो, समजा १०० ते २०० पर्यंतचे, त्यांत हा पत्ता येता कामा नये. शेवटी नव्या राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल जुन्याच्या लॅन पोर्टमध्येच खोचा. वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत घ्यायचं भोक, ज्याचा रंग बहुधा वेगळा असतो, तो रिकामा सोडा. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडला असेल तर मात्र बऱ्याच राउटरमध्ये वॅन पोर्टही चालतो.

या सगळ्यात गाडी कुठे अडकत असेल तर ती डीएचसीपीवर. ते बंद करायचं राहून गेलं की घरात पत्ते देणारे दोन जण होतात. फोन वायफायला जोडला जातो आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. नव्या राउटरचं उत्तर आधी आलं तर सगळं ठीक. जुन्याचं आधी आलं तर तो सांगतो, ‘बाहेर जायचंय? माझ्याकडून जा.’ पण त्याच्याकडे बाहेर जायचा रस्ताच नाही. फोनवर वायफायचं चिन्ह भरलेलं आणि खाली ‘इंटरनेट नाही’. बरं, हे घरातल्या एकाच फोनवर होतं, दुसऱ्यावर होत नाही, आणि संध्याकाळी आपोआप सुटून सकाळी परत येतं. लोक मग कंपनीकडे तक्रार करत बसतात. असं काही दिसलं तर सगळ्यात आधी डीएचसीपी बघा.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही राउटरवर सारखे ठेवले तर फोन एकावरून दुसऱ्यावर आपणहून जातो. कधी जायचं ते मात्र फोनच ठरवतो, त्यामुळे काही फोन हॉलमधल्या क्षीण सिग्नललाच चिकटून राहतात. ते खटकत असेल तर नावं वेगळी ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा, आणि दोन राउटरना वेगवेगळे द्या. मधले चॅनेल शेजारच्यांवर चढतात आणि दोघांचंही नुकसान होतं. सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए २ आणि त्यात एईएस निवडा. टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडली तर सुरक्षा तर कमी होतेच, शिवाय ‘एन’ पद्धतीचा राउटर वेग ५४ एमबीपीएसवर आणून ठेवतो. जुना राउटर हळू आहे अशी ओरड असते तिथे पुष्कळदा हे एवढंच कारण सापडतं.

केबलबद्दलही सांगायला हवं, कारण सगळं यश तिच्यावर आहे. कॅट ६ घ्या, आणि घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का हे विचारा. स्वस्त केबलमध्ये आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. ती वाकवली की लवकर तुटते. १०० मीटरपर्यंत लॅन केबल बिनधास्त चालते, म्हणजे घरासाठी लांबीची चिंता नाही. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएससाठी त्यातल्या चार पुरतात, १००० साठी आठही लागतात. कनेक्टर तारांवर नीट दाबून बसला नाही आणि उरलेल्या चारपैकी एखादी तार सुटली तर बऱ्याचदा जोडणी चालू राहते, वेग मात्र १०० वर घसरतो. विजेच्या वायरच्याच पाइपमधून लॅन केबल नेऊ नका. आणि एका घरातून अंगणापलीकडच्या दुसऱ्या घरात तांब्याची केबल उघड्यावरून अजिबात नेऊ नका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी त्या केबलमधून दोन्हीकडची उपकरणं जळू शकतात. तिथे फायबर किंवा बिनतारी जोडणीच योग्य.

वायर नेणं शक्य नसेल तर

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही. अशा वेळी जुना राउटर रिपीटर म्हणून, म्हणजे हवेतून आलेलं वायफाय पुढे पाठवणारा म्हणून लावता येतो. काही मॉडेलमध्ये हा पर्याय ‘डब्ल्यूडीएस’ या नावाने असतो. इथे अपेक्षा बेताची ठेवा. एकाच रेडिओवर आधी ऐकायचं आणि मग तेच पुढे सांगायचं असल्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि जिथे रेंज नाही तिथे रिपीटर ठेवून काही मिळत नाही, कारण त्यालाच तिथे काही ऐकू येत नाही. जिथे रेंज अजून बरी आहे अशा मधल्या जागी तो ठेवावा लागतो.

याचाच उलटा वापर मला जास्त आवडतो. ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’ मोड असेल तर राउटर हवेतून वायफाय घेतो आणि मागच्या पोर्टमधून वायरने देतो. ज्या जुन्या डेस्कटॉपला किंवा टीव्हीला वायफाय नाही, त्याची सोय अशी होते. राउटरच्या अँटेना लॅपटॉपच्या आतल्या अँटेनांपेक्षा बऱ्याचदा चांगल्या असतात, त्यामुळे सिग्नलही नीट पकडला जातो.

नुसता स्विच म्हणून वापरायचा तर डीएचसीपी बंद, वायफाय बंद, आणि सगळ्या वायरी लॅन पोर्टांत. झालं.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क: इथे बहुतेक जण उलटं करतात

जुना राउटर नव्याच्या मागे लावून त्यावर पाहुण्यांचे फोन, स्वस्तातला कॅमेरा, वायफायचा बल्ब वगैरे जोडायचे, म्हणजे आपला लॅपटॉप सुरक्षित, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. यात एक मोठी चूक आहे.

नव्याच्या लॅनमधून वायर काढून जुन्याच्या वॅनमध्ये घातली की जुन्याच्या मागे एक वेगळं नेटवर्क तयार होतं. पण मधला दरवाजा वाड्याच्या दिंडीसारखा असतो: आतला माणूस कधीही बाहेर पडतो, बाहेरच्याला मात्र विचारल्याशिवाय आत येता येत नाही. इथे ‘आत’ म्हणजे जुन्या राउटरच्या मागे, आणि ‘बाहेर’ म्हणजे फक्त इंटरनेट नव्हे, नव्या राउटरचं नेटवर्कही. म्हणजे जुन्याच्या मागे बसलेला तो कॅमेरा नव्यावरच्या तुमच्या लॅपटॉपपर्यंत, प्रिंटरपर्यंत खुशाल पोचू शकतो. लॅपटॉप त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही. हवं होतं त्याच्या बरोब्बर उलट.

नीट करायचं तर ज्यांच्यावर विश्वास नाही ती उपकरणं नव्या राउटरवर, आणि ज्यात बँकेचे व्यवहार होतात तो लॅपटॉप जुन्याच्या मागे. त्यातही जुन्याला वेगळ्या मालिकेतला पत्ता द्यावा लागतो, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.१. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर जुन्याला आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हेच कळत नाही आणि इंटरनेट बंद पडतं. माझं मत विचाराल तर हा खटाटोप करण्यापेक्षा नव्या राउटरमधलं ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा आणि कॅमेरे त्यावर टाका. बहुतेक नव्या राउटरमध्ये ते असतं.

यूएसबी पोर्ट असेल तर

त्यात पेनड्राइव्ह लावून घरातल्या सगळ्यांसाठी सामायिक साठा करता येतो. फोटो, मुलांच्या अभ्यासाच्या फाइली, कीर्तनांची रेकॉर्डिंग, जे हवं ते. काही मॉडेलमध्ये साधा यूएसबी प्रिंटर लावून तो घरभर वापरता येतो. फिरत्या हार्ड डिस्कला मात्र पोर्टमधली वीज पुष्कळदा पुरत नाही.

एक धोका सांगायलाच हवा. जुने राउटर फाइली देण्यासाठी बऱ्याचदा ‘एसएमबी १’ ही जुनी पद्धत वापरतात. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेला वॉनाक्राय व्हायरस विंडोजमधल्या याच पद्धतीच्या त्रुटीतून पसरला होता. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० मध्ये ती मुळातून बंद करून मिळू लागली. राउटरवरची फाइल दिसत नाही म्हणून लॅपटॉपवर ती पुन्हा चालू करू नका. घरापुरतं एफटीपी ही फाइली पाठवायची दुसरी पद्धत वापरा, नाहीतर हा उपयोग सोडून द्या.

जुन्या राउटरना दुसरा जन्म कसा मिळाला

२००२ च्या डिसेंबरमध्ये लिंक्सिस या अमेरिकी कंपनीने डब्ल्यूआरटी ५४ जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. त्याच्या आत लिनक्स आहे हे काही जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सचा परवाना सांगतो की ते वापरून वस्तू विकली तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. मागणी झाली, आणि २००३ मध्ये कंपनीने तो खुला केला. त्या कोडवर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. आज शेकडो मॉडेलवर ते चालतं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या राउटरला त्यातून पुन्हा सुरक्षेचे अपडेट मिळतात, आणि अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये नसलेल्या कितीतरी गोष्टी करता येतात.

या राउटरचा भारताशी असलेला धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. २००५ च्या जानेवारीत आपल्याकडे घराबाहेर २.४ गिगाहर्ट्झ वायफाय वापरायला परवाना लागेनासा झाला. पुढच्याच महिन्यात हिमाचलातल्या धरमशालेत तिबेटी वस्तीतल्या संस्था जोडणारं बिनतारी जाळं सुरू झालं. ते बदललेल्या सॉफ्टवेअरच्या अशाच घरगुती राउटरवर उभं होतं. हाच प्रयत्न पुढे एअरजल्दी म्हणून वाढला. डोंगरात जिथे तार नेणं परवडत नव्हतं तिथे घरगुती डब्यांनी शाळा जोडल्या.

तुमच्याकडच्या राउटरवर हे घालता येईल का, ते ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवरच्या यादीत बघा. मॉडेलसोबत व्हर्जनही जुळलं पाहिजे, कारण एकाच नावाखाली आतले भाग कंपन्या गुपचूप बदलतात. ४ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ३२ एमबी मेमरीवाले स्वस्त राउटर आता त्यात बसत नाहीत. त्यांना चालणाऱ्या शेवटच्या मालिकेचे अपडेट २०२२ मध्ये थांबले. निदान ८ आणि ६४ हवेत, १६ आणि १२८ असतील तर उत्तम. सॉफ्टवेअर घालताना वायफायवरून नको, वायर लावूनच घाला, आणि लाइट जाण्याची भीती असेल तर राउटर यूपीएसवर ठेवा. मधेच वीज गेली तर राउटरचा निकामी ठोकळा होतो आणि त्यातून बाहेर काढणं सोपं नसतं.

डिप्लोमाला किंवा आयटीआयला असलेल्या मुलामुलींच्या हातात असा राउटर द्यावा असं मला मनापासून वाटतं. सबनेट, राउटिंग, फायरवॉल हे शब्द पुस्तकातून पाठ होतात. दोन राउटर समोर ठेवून एकाच्या मागून दुसऱ्याच्या मागे पिंग, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारणारा छोटा संदेश, पोचवायचा प्रयत्न केला की ते कळतात. चुकलं तर रीसेटची पिन आहेच, आणि घरातलं इंटरनेट बंद पडत नाही.

जे करू नये

अपडेट बंद झालेला राउटर पुन्हा इंटरनेटच्या दारात, म्हणजे मुख्य राउटर म्हणून, बसवू नका. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने कारखान्यातला पासवर्ड न बदललेली लाखो घरगुती उपकरणं ताब्यात घेतली. २०१७ च्या जुलैत भारतातही हजारो ब्रॉडबँड मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले, त्यांचे पासवर्डही मूळचेच होते. ॲक्सेस पॉइंट म्हणून आत बसलेल्या राउटरवर बाहेरून थेट हल्ला होत नाही, म्हणून त्याचा धोका कमी. तरी त्याचा ॲडमिन पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद ठेवा. वायफायला डब्ल्यूईपी या जुन्या, सहज फुटणाऱ्या पद्धतीच्या पुढची सुरक्षाच नसेल इतका तो जुना असेल तर वायफाय बंद करून फक्त स्विच म्हणून वापरा.

विजेचा हिशोबही करा. ५ वॅटचा राउटर वर्षभर अखंड चालला तर ४४ युनिटच्या आसपास वीज खातो. आतल्या खोलीत रोज कोणी काम करत असेल तर हा खर्च रास्त आहे. उगाच चालू ठेवण्यात अर्थ नाही. लोडशेडिंग असलेल्या भागात मात्र दोन्ही राउटरना बॅकअप लागतो, नाहीतर मुख्य राउटर मिनी यूपीएसवर चालू आणि आतला बंद, असं होतं.

यातलं काहीच उपयोगाचं नसेल तर राउटर देऊन टाका. पण आधी रीसेट करा, कारण त्यात तुमच्या वायफायचा पासवर्ड आणि कनेक्शनचं लॉगिन साठलेलं असतं. भंगारात देऊ नका. तिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची (रीसायकलिंगची) जबाबदारी त्या बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. अधिकृत ई-कचरा संकलन केंद्र शहरात असेल तर तिथे पोचवा. ॲडाप्टर चालू असेल तर तो मात्र ठेवून घ्या आणि त्यावर व्होल्ट किती ते मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.